त्रेसष्टावं पान

४ जून

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही. फोनवर तू "हो गं मावशी" म्हणतेस आणि दुसऱ्या हातानं टाइप करत राहतेस. पस्तीस वर्षं टायपिंग सेक्शन सांभाळलेल्या बाईला कळांचा आवाज ओळखू येतो. शिवाय या विषयातलं सगळं मला लेखी हवंय. तूही लेखीच उत्तर दे.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. थेंब घालून बाकावर बसवलं, समोरचं सगळं धूसर. कान मात्र शाबूत. शेजारी दोन तरुण मुली बोलत होत्या.

"तुझे किती चिमटे अडकलेत?"

"तिन्ही. चौथं काम आलं, तर मॅनेजरला तोंडावर सांगितलं, आधी एक चिमटा सुटू दे."

मी ताठ बसले. कसले चिमटे, म्हणून विचारलं. एकीनं समजावलं, "आजी, ही सॉफ्टवेअरवाल्यांची कामाची पद्धत आहे. तुम्हाला नाही कळायची."

मला नाही कळायची. अठरा मशीनांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली, प्रत्येक मुलीला कपडे वाळत घालायचे तीन लाकडी चिमटे दिले, ती मी. हातात घेतलेला कागद दोरीवर लावायचा. तिन्ही चिमटे अडकले की साक्षात मोठे साहेब आले तरी चौथा कागद घ्यायचा नाही. एक उतरला की मग पुढचा. कोणाकडे काय आहे ते दारातूनच दिसायचं. साहेबलोक 'अर्जंट, अर्जंट' करत नाचायचे, दोरी हलायची नाही.

मी म्हटलं, कुठे लिहिलंय हे, वाचून दाखव बघू. तिनं फोनवरून वाचलं: "जिच्याकडे चौथं काम आहे, तिचं एकही काम होत नाही." अगं, ते माझं वाक्य आहे. माझ्या पुस्तकातलं, पान अकरा. निवृत्तीनंतर दोन वर्षं, बोटांच्या संधिवातासकट, ते मी स्वतः टाइप केलंय. लेखक कोण, विचारलं तर म्हणाली, "नाव नाहीये. परदेशातला कुणी असेल. फुकट मिळतं, सगळे हेच वापरतात."

आमच्या शाळेतल्या नन दुसरीच्या वहीतून गणित उतरवणाऱ्या मुलीला छडी मारायच्या नाहीत. तिला फळ्यापाशी उभं करायच्या आणि तेच गणित सगळ्या वर्गासमोर पुन्हा सोडवायला लावायच्या. छडी परवडली, असं ती मुलगी म्हणायची. मला तो फळा हवाय आणि तो चोर हवाय. तू एवढी टीम चालवतेस. हे कुठून निघालं ते शोधायचं कसं, सांग.

डोळे ठीक आहेत. मोतीबिंदू पिकायचाय अजून.

मावशी


१२ जून

ती. मावशीस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. चौदा ऑगस्टला आमच्या नव्या ॲपचं लॉन्च आहे. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून काम चाललंय, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं मीटिंग. बसलं की लोक गप्पा मारतात. तू बघितलंस तर खूश होशील.

तुझ्या प्रश्नाबद्दल. शोधता येणार नाही. पीडीएफ एकदा बाहेर पडली की सावरीचा कापूस. आणि रागावू नकोस, पण याला चोरी म्हणायचं का? माझी सायकल कुणी नेली तर माझ्याकडे सायकल उरत नाही. तुझं पुस्तक तुझ्याकडेच आहे की, पलंगाखाली तीन खोके भरून. आधी शे-दोनशे लोकांनी वाचलं असेल, आता लाखभर वाचतात. ज्ञान वाहतं राहिलं पाहिजे, असं तूच म्हणायचीस.

आमची टीमही चिमटे वापरते. खरं सांगायचं तर ॲप त्याचंच आहे. स्क्रीनवर दोरी, प्रत्येकाला तीन चिमटे. ही पद्धत आता इतकी पसरलीय की कुणा एकाची राहिलेली नाही.

इथे माझी वेगळीच डोकेदुखी. गेल्या वर्षीच्या आमच्या सॉफ्टवेअरचं कुलूप कुणीतरी फोडलं आणि ते फुकट वाटायला ठेवलंय. चाळीस माणसांची दोन वर्षांची मेहनत आहे ती. असली माणसं हातात सापडली तर सोलून काढावीत. वकील मागे लावलेत.

थेंब वेळेवर घाल.

तुझी
भाची


२० जून

चि. घाईबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझं पुस्तक वाहतं ठेवायचं आणि तुझं कुलूप फोडणाऱ्याला सोलायचं. एकाच कागदावर, मध्ये जेमतेम एक परिच्छेद. हे टायपिंगला आलं असतं तर मी साहेबांकडे परत पाठवलं असतं, "मसुदा एकदा स्वतः वाचून बघावा" असा शेरा मारून.

झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईकडून मी ती फुकटची प्रत कागदावर काढून घेतली. चांगली बाई आहे, कागद लावते सरळ. मुखपृष्ठ नाही, नावाचं पहिलं पान नाही. घरी आणून पानं मोजली. बासष्टनंतर चौसष्ट.

तुम्ही एवढी हुशार मंडळी, लाखभर म्हणतेस, आणि बासष्टनंतर चौसष्ट येतात हे एकालाही खटकलं नाही.

आता मी तुला एक गोष्ट सांगते. सहा वर्षांपूर्वी बाइंडरकडून पुस्तकाचा पहिला गठ्ठा सुटला तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस. तुला बस गाठायची होती. वरची प्रत उचललीस, "सही नंतर घेते" म्हणालीस आणि गेलीससुद्धा. तू गेल्यावर मी दुसरी प्रत चाळली तर त्रेसष्टावं पान कोरं. प्रेसवाला छापायलाच विसरला होता, पाचशेच्या पाचशे प्रतींत. त्याच्याशी भांडून मी ते पान सुटं छापून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पिठाची खळ करून, चारशे नव्व्याण्णव प्रतींत हातानं चिकटवलं. अकरा दिवस लागले. पाचशेवी प्रत तुझ्याकडे होती. तुझं पान मी पाकिटात घालून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं.

कोरं पान कोण कशाला स्कॅन करील? तेव्हा चोर मिळाला. ते पान चिकटवलं असतंस तर मला जन्मात मिळाला नसता.

कुणी केलं ते मला सांगू नकोस. का केलंस, तेवढं सांग.

आणि हे ऐकून ठेव. त्या पानाशिवाय ही पद्धत महिना-दोन महिने झकास चालते. मग सडते. वरून टवटवीत, आतून सडकी. आमच्या खोलीत सडली होती, म्हणून मला ठाऊक आहे. त्यावरचा उपाय त्रेसष्टाव्या पानावर आहे आणि तो मी तुला सांगणार नाही. चौदा ऑगस्ट कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

मावशी


३ जुलै

मावशी,

हो. मी.

टीमसाठी स्कॅन केलं. टीममधल्या कुणीतरी ते पुढे टाकलं, तिथून ते कुठे कुठे गेलं. मला कळलं, मी थांबवलं नाही. तुझ्या नावाचं पहिलं पान मी फाडलं. हातानं.

का, विचारलंस ना. तुझ्या त्या खोलीत अठरा मशीनं होती आणि खिडकीजवळच्या मशीनवर माझी आई बसायची. तुझी पाठची बहीण. शेवटच्या आजारपणात तिनं मला सगळं सांगितलं. माझे लंगोट वाळत घालून ती धावत ऑफिसला आली, उरलेले चिमटे पिशवीत तसेच राहिले. खिडकीच्या वाऱ्यानं कागद उडायला लागले म्हणून तिनं दोरी बांधून ते दोरीला लावले. दोरी तिची, चिमटे तिचे. तीन हा आकडासुद्धा तिचा, कारण पिशवीत तीनच निघाले. सांगताना हसत होती. "तुझ्या मावशीनं त्याचा कायदा केला," म्हणाली.

तुझं एकशेदहा पानांचं पुस्तक मी अक्षर न् अक्षर वाचलंय. त्यात साहेब आहेत. शिपाई आहे. पंख्याच्या कुरकुरीवर अख्खा परिच्छेद आहे. आई नाही. ती जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि तू तिला गाळलंस. मी तुला गाळलं. फिट्टंफाट. तू केलंस ते पुस्तक, आणि मी केली ती चोरी?

कोऱ्या पानाची भीती मला घालू नकोस. मला वाटलं ते टिपणांसाठी सोडलंय. त्यावर मी प्लंबरचा नंबर लिहिलाय. आमची दोरी येऊन बघ, गेल्या पाच आठवड्यांत एक काम अडकलेलं नाही.

कोर्टात जायचं असेल तर जा.

भाची


९ जुलै

चि. घाईबाईस,

पत्र पोचलं.

उत्तरादाखल बारा ओळी टाइप केल्या होत्या. मशीनमधून कागद काढला आणि खणात ठेवला.

एक काम अडकलेलं नाही म्हणतेस. ज्या दोरीवर सगळं छान दिसतं, त्या दोरीकडे बघत बसू नये. कुठे बघावं ते सांगत नाही.

लॉन्चला शुभेच्छा. मनापासून नाहीत.

मावशी


१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

तू कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतंस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत आमचे साहेब, मागे दीडशे ग्राहक. मी ॲप उघडलं. दोरी आली, चिमटे आले. एक काम ओढून दुसऱ्याच्या नावावर टाकलं, तर ते दोघांकडूनही नाहीसं झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सगळ्यांसमोर, माईक लावून, मी तेच काम सात वेळा ओढलं. सातव्यांदा मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, राहू द्या आता." तुझ्या त्या फळ्याची आठवण झाली.

नंतर टीमला घेऊन बसले. नेमका तोच बिघाड तीन आठवड्यांपूर्वी तिघांना सापडला होता. तिघांनीही, एकमेकांना न सांगता, चिमटा न लावता, तो आपापल्या मशीनवर दुरुस्त करायला घेतला होता. तिघांचंही अर्धवट. स्क्रीनवर प्रत्येकाकडे तीन कामं दिसत होती, खरी प्रत्येकाकडे आठ-आठ, नऊ-नऊ होती. मी म्हटलं, का नाही सांगितलंत? मग आमची टेस्टर म्हणाली, "तिन्ही चिमटे अडकले होते, चौथं दाखवायला जागा नव्हती. आणि सकाळी उभं करून तुम्ही एकेकाला 'का' विचारता. त्यापेक्षा लपवलेलं बरं वाटतं."

साहेबांनी काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. काच अशासाठी असते की बाहेरच्यांना बघता यावं. महिन्याची मुदत दिलीय. तेवढ्यात टीम रुळावर आली नाही तर ती दुसऱ्याच्या हातात देणार. सात वर्षं मी ही टीम एकेक माणूस निवडून उभी केलीय.

मावशी, त्रेसष्टाव्या पानावर काय आहे? मागतेय.

भाची


२५ ऑगस्ट

चि. घाईबाईस,
आशीर्वाद.

त्रेसष्टावं पान माझ्याकडे मागायची गरज उरलेली नाही. चौदा ऑगस्टला सकाळी दहा वाजता, तू सभागृहात उभी होतीस त्याच वेळेला, झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईनं माझी पुरी प्रत इंटरनेटवर चढवली. फुकट. जिथे जिथे तुझी लंगडी प्रत होती तिथे तिथे शेजारी नेऊन ठेवली. तू म्हणालीस ना, वाहतं राहिलं पाहिजे. वाहवलं. पलंगाखालचे तीन खोके आता कुत्रं विचारणार नाही, असू देत. तुझं ॲपही कुणी विचारणार नाही, कारण दोरी आणि चिमटे प्रत्येकाच्या घरी असतात.

सुरुवातीला चार ओळी घातल्यात: "या पुस्तकाची पहिली प्रत माझ्या भाचीनं नेली. तिच्यातून पहिलं पान फाडलं गेलं आणि त्रेसष्टावं कधी चिकटवलंच गेलं नाही. तशीच ती सगळीकडे फिरली. ही पूर्ण प्रत, पानं मोजून घ्यावीत." तुझं नाव घातलेलं नाही. तुझ्या साहेबांना मोजता येत असेल तर कळेल.

पण तू मागितलंस, म्हणून हे घे. जसंच्या तसं टाइप करते.

"दोरीला फसवायची एकच जागा असते, टेबलाचा खण. चौथं काम तिथे जातं. आमच्या खोलीत दुसऱ्याच महिन्यात अठराही खण भरले, आणि दोरी मात्र नीटनेटकी. मी ओरडले, तर खणांना कुलपं लागली. उपाय काढला तो खिडकीजवळ बसणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीनं. दर शुक्रवारी चहानंतर प्रत्येकीनं आपल्या डावीकडच्या मुलीचा खण उघडायचा. निघेल ते दोरीवर लावायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं. 'का ठेवलंस' हे कुणीही, कधीही विचारायचं नाही. पहिला खण तिनं माझा उघडायला लावला, त्यात सात कागद निघाले. दोरी तिची होती, चिमटे तिचे होते, आणि तीन हा आकडाही तिचाच, कारण त्या दिवशी तिच्या पिशवीत तीनच चिमटे होते. मी फक्त लिहून काढलं आहे."

हे वाच आणि मग तुझं तीन जुलैचं पत्र वाच. तुझ्या आईला मी गाळलं नव्हतं. प्रेसवाल्यानं गाळलं, मी अकरा दिवस बसून पुन्हा चिकटवलं आणि पाकीट न उघडता तू गाळलंस.

हे मी नऊ जुलैलाच लिहू शकले असते. त्या खणात ठेवलेल्या बारा ओळी याच होत्या. तुझं लॉन्च वाचलं असतं, हेही मला कळत होतं. ठेवल्या, कारण तुला सगळ्या वर्गासमोर तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवताना बघायचं होतं. सात वेळा, म्हणतेस. समाधान झालं. वाटलं होतं तेवढं नाही, पण झालं.

मावशी


५ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

आज शुक्रवार. टीमला ते पान वाचून दाखवलं आणि चहानंतर प्रत्येकानं आपल्या डावीकडचा खण उघडला. नुसता टेबलाचा नाही, मशीनवरच्या लपवलेल्या फायलीसुद्धा. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तासाभरात एकशे एकोणीस कामं निघाली. स्क्रीनवर मावेनात, म्हणून टेस्टरनं खिडकीपासून दारापर्यंत खरीखुरी दोरी बांधली.

माझा खण तिनंच उघडला, ती माझ्या उजवीकडे बसते. दोन चार्जर, तीन अर्धे अहवाल, आणि तळाशी तुझं पाकीट. सहा वर्षांपूर्वीचा शिक्का, न फोडलेलं. तिनं तेही काही न विचारता दोरीवर लावलं.

इतकी वर्षं का उघडलं नाही, हे तूही विचारू नकोस. नियम आहे. पाकिटावरचं तुझं अक्षर थेट आईसारखं आहे, एवढंच सांगते.

साहेब महिनाभर थांबले नाहीत. एका ग्राहकानं त्यांना तुझ्या चार ओळी पाठवल्या. त्यांनी माझ्या टेबलावरच्या पुस्तकाची पानं मोजली: पहिलं फाडलेलं, त्रेसष्टाव्यावर छपाईच नाही. सोमवारपासून ही टीम दुसऱ्या कुणाची. दोरी बांधून झाल्यावर मला हे कळलं.

तुझं पान चिकटवलंय, प्लंबरच्या नंबरवर. पहिलं पान आता मिळणार नाही, ते तेव्हाच कचऱ्यात गेलं.

एकच विचारायचंय. हे सगळं तुला मान्य होतं, तर आई त्रेसष्टाव्या पानावर का? पहिल्यावर का नाही?

भाची


११ सप्टेंबर

चि. घाईबाईस,

'का' विचारून तू नियम मोडलास. वीस जूनला मीही मोडला होता, म्हणून उत्तर देते.

पहिलं पान मी सगळ्यांत आधी टाइप केलं. त्यावर माझं एकटीचं नाव बघायला बरं वाटलं. मग तिला कुठे बसवायची ते शोधत शोधत बासष्ट पानं गेली.

टीम गेली याचं वाईट वाटलं, असं मी लिहिणार नाही. तू ते माझ्या नावाचं पान हातानं फाडलंस, ब्लेड तरी घ्यायचंस.

फाडलेल्या पानाच्या जागी दुसरं काही चिकटवू नकोस. पुस्तक कुणाला दाखवशील तेव्हा आधी ती फाटकी कड दाखव, मग त्रेसष्टावं पान. मीही माझी प्रत बदललेली नाही. कुणी आलं की पहिलं पान दाखवते, एका नावाचं, आणि विचारते, यात काय चुकलंय ओळखा.

अजून कुणी ओळखलेलं नाही.

मावशी